गालिच्यावरचा झगा आणि रंगमंचावरचा झगा

न्यूयॉर्क सिटी बॅले ही संस्था दर शरद ऋतूत, नवा हंगाम सुरू होताना, ‘फॉल फॅशन गाला’ नावाची एक झगमगती संध्याकाळ साजरी करते. २०१२ साली सुरू झालेली ही प्रथा संस्थेच्या विश्वस्त मंडळावरील अभिनेत्री सारा जेसिका पार्कर यांच्या कल्पनेतून आली. एखाद्या नृत्यरचनाकाराची नामांकित फॅशन डिझायनरशी गाठ घालून द्यायची, दोघांनी मिळून उभी केलेली नवी रचना त्या संध्याकाळी पहिल्यांदा रंगमंचावर आणायची, आणि ती पाहायला येणाऱ्या धनिकांकडून संस्थेसाठी निधी गोळा करायचा, असा तो बेत आहे. साहजिकच त्या रात्री लिंकन सेंटरमधल्या डेव्हिड एच. कोच थिएटरात कपड्यांची दोन प्रदर्शने भरतात: एक दाराशी, छायाचित्रकारांसमोर, दुसरे आत, वाद्यवृंदासमोर. मी न्यू जर्सीत राहते, गेली बरीच वर्षे या संस्थेचे प्रयोग पाहते, आणि शिवणवर्ग चालवणाऱ्या बाईची मुलगी असल्यामुळे माणसाआधी त्याच्या अंगावरची शिवण पाहण्याची खोड मला लहानपणापासून आहे. या गालाचे परीक्षण करताना तीच खोड मी मापदंड म्हणून वापरणार आहे.

लाल गालिच्यावरच्या झग्याला फारसे काही करायचे नसते. त्याने उभे राहायचे असते. नेसणारी व्यक्ती गाडीतून उतरते, चार पावले चालते, थांबते, खांदा वळवते, आणि मागे पसरलेला घोळ नीट करायला दोन माणसे वाकलेली असतात. २०२४ च्या मेट गालाला आलिया भट्ट यांनी नेसलेल्या सब्यसाचीच्या साडीचा पदर २३ फुटांचा होता. ते काम पाहत राहावे असे होते यात शंका नाही, परंतु तो पदर घेऊन जिना चढणे हाच एक स्वतंत्र प्रयोग होता. रंगमंचावर घोळ आवरायला कोणी येत नाही. तिथे पुढच्याच मात्रेला पाय कानाजवळ जायचा असतो, जोडीदाराचे हात कमरेवर अचूक बसायचे असतात, आणि गिरकी संपते त्या क्षणी कापडानेही संपायचे असते, अर्ध्या मात्रेने उशिरा नव्हे. लावणी पाहत वाढलेल्या माणसाला हा फरक वेगळा समजावून सांगावा लागत नाही. नऊवारीचा काष्टा शोभेसाठी घातलेला नसतो. तो पाय मोकळे करतो, म्हणून बैठक आणि गिरकी या दोन्ही गोष्टी त्याच एका लुगड्यात शक्य होतात.

पहिल्याच वर्षी, २०१२ मध्ये, हा फरक ठळकपणे समोर आला. त्या गालाचे मानकरी इटालियन फॅशन डिझायनर व्हॅलेंटिनो गारावानी होते आणि त्यांच्यासाठी पीटर मार्टिन्स यांनी ‘बाल द कुत्यूर’ ही रचना केली होती. झगे देखणे होते. व्हॅलेंटिनोंच्या हातून कुरूप काही निघाले असते तरच नवल. पण ते मेजवानीच्या दालनातले पायघोळ झगे होते आणि त्यांनी नर्तकींचे पाय, म्हणजे बॅलेतले अर्धे वाक्य, झाकून टाकले. अशा वेळी कापड काय करते हे पाहायचे असेल तर पदन्यासाकडे पाहू नये, उचलीकडे पाहावे. पुरुष नर्तक नर्तकीला उचलतो तेव्हा त्याला आधी तिची कंबर सापडावी लागते, आणि थरांवर थर असले की तो हात घड्यांत चाचपडतो. त्याच संध्याकाळी व्हॅलेंटिनोंनी क्रिस्टोफर व्हील्डन यांच्या ‘धिस बिटर अर्थ’ या छोट्या युगुलनृत्यासाठी वेंडी व्हेलन आणि टायलर अँगल यांना दिलेला वेश मात्र अगदी साधा होता, आणि तो मला त्यांच्या साऱ्या घोळांपेक्षा जास्त उंचीचा वाटतो. ज्याला भरजरी येते त्याला साधेही येते. प्रश्न असतो तो मोह आवरण्याचा.

ही चूक नवी नाही आणि ती करणाऱ्यांत थोर नावे आहेत. १९२४ मध्ये पॅरिसमध्ये रशियन बॅले-निर्माते द्यागिलेव्ह यांच्या कंपनीने ‘ल ट्रॅं ब्लू’ सादर केले तेव्हा पडदा पिकासो यांच्या चित्राचा होता, नृत्यरचना ब्रोनिस्लावा निजिन्स्का यांची होती आणि कपडे कोको शनेल यांचे होते. समुद्रकिनाऱ्यावरच्या श्रीमंतांची ती गोष्ट असल्यामुळे शनेल यांनी नर्तकांना खरेखुरे विणलेले पोहण्याचे पोशाख घातले. ते छायाचित्रात आजही ताजे दिसतात. पण त्या काळच्या विणीत आजच्यासारखा ताण घेण्याचा गुण नव्हता. पोशाख अंगावर लोंबत आणि जोडीदाराची पकड त्यावर नीट बसत नसे. जे किनाऱ्यावर झोकात मिरवता येते ते कसरतीच्या उड्यांना उपयोगी पडेलच असे नाही, हा धडा शंभर वर्षांपूर्वीच देऊन झालेला आहे.

२०१३ नंतरच्या गालांचा अनुभव संमिश्र आहे. त्या वर्षी आयरिस व्हान हर्पेन यांनी बेंजामिन मिलपिए यांच्या ‘नेव्हरव्हेअर’साठी काळ्या, चकाकत्या, भुंग्याच्या पाठीसारख्या पोशाखांची कल्पना लढवली. कपडा म्हणून तो विलक्षण होता, मात्र पाहताना मन सतत त्या चकाकीकडे जाई आणि नाच मागे राही. २०१७ मध्ये व्हर्जिल अॅब्लो आले. रस्त्यावरच्या फॅशनसाठी ओळखला जाणारा हा माणूस जिआना रायसन या अवघ्या अठरा वर्षांच्या मुलीच्या ‘कम्पोझर्स हॉलिडे’ या रचनेसाठी काय करील, याचे मला कुतूहल होते. त्यांनी बंडखोरी न करता ट्यूलचीच, म्हणजे बॅलेच्या जुन्या जाळीदार कापडाचीच वाट धरली आणि तिला थोडा नवा आकार दिला. परक्या घरी पहिल्यांदा जेवायला गेलेल्या सभ्य पाहुण्यासारखे ते काम होते. २०२२ मध्ये रायसन यांच्याच ‘प्ले टाइम’साठी आलेहांद्रो गोमेझ पालोमो यांनी स्वारोव्स्कीच्या स्फटिकांनी मढवलेले पोशाख केले आणि गायिका सोलांज यांनी संगीत दिले. त्याविषयी एवढेच म्हणेन की माझ्या डोळ्यांना विश्रांती मिळाली नाही.

या सगळ्या वर्षांतला माझा एकमेव निःशंक आवडता प्रयोग २०१८ चा, काइल एब्रहॅम यांचा ‘द रनअवे’. त्याची वेशभूषा जाइल्स डीकन यांची. वरवर पाहता हे कपडे सगळ्यांत अतिरेकी होते: एलिझाबेथकालीन दरबारातल्यासारख्या गळ्याभोवतीच्या चुणीदार झालरी, फुगवलेले खांदे, पिसे, आणि बहुतेक सगळे काळ्या-पांढऱ्यात. संगीत निको म्युली यांच्या पियानोपासून कान्ये वेस्ट आणि जे-झी यांच्या रॅपपर्यंत जाते. आपण मान्य केलेल्या सगळ्या नियमांनुसार हे फसायला हवे होते. ते फसले नाही, कारण डीकन यांनी सगळा नखरा शरीराच्या अशा भागांवर ठेवला जिथे त्याने हालचालीला अडवले नसते: मानेवर, खांद्याच्या टोकांवर, मस्तकावर. कंबर, मांड्या आणि पोटऱ्या त्यांनी नर्तकासाठी मोकळ्या सोडल्या. टेलर स्टॅन्ली यांच्या सुरुवातीच्या एकल नृत्यात पाठीचा कणा एखाद्या सापासारखा वळत जातो आणि मानेभोवतीची झालर त्या वळणाला आणखी धार देते. झालर नसती तर मान इतकी लांब दिसली नसती. डिझायनरने नर्तकाकडून काही हिसकावून घेतले नाही, उलट दिले, असे मी या गालाबद्दल छातीठोकपणे याच एका रचनेविषयी म्हणू शकते.

यात एक गंमत आहे. ज्या संस्थेने हा फॅशनचा उत्सव मांडला आहे, ती बॅलेच्या इतिहासात कपडे काढून टाकण्यासाठी प्रसिद्ध आहे. संस्थेचे सहसंस्थापक नृत्यरचनाकार जॉर्ज बॅलन्शीन यांच्या ‘द फोर टेम्परामेंट्स’ला १९४६ मध्ये चित्रकार कुर्ट सेलिगमन यांनी इतकी भरगच्च वेशभूषा केली होती की नाच तिच्याखाली गुदमरला. १९५१ मध्ये बॅलन्शीन यांनी ती सरळ बाजूला ठेवली आणि नर्तकांना सरावाच्या साध्या कपड्यांत उभे केले. तेव्हापासून काळा-पांढरा सरावाचा वेश ही या संस्थेची ओळखच बनली. आजही हंगामातली एखादी संध्याकाळ केवळ अशा रचनांची असते, आणि गालानंतरच्या आठवड्यात ती पाहिली की सणासुदीच्या पंचपक्वान्नांनंतर दुसऱ्या दिवशी दहीभात खाल्ल्यासारखे वाटते.

तरीही बॅलन्शीन कपड्यांचे वैरी होते असा कोणी ग्रह करून घेऊ नये. त्यांचा विश्वास एका शिंपिणीवर होता. बार्बरा करिन्स्का यांना ‘शिंपीण’ म्हटलेले काहींना खटकेल, परंतु आमच्या घरात यापेक्षा मोठी पदवी नव्हती. त्यांना डोरोथी जीकिन्स यांच्यासह ‘जोन ऑफ आर्क’ या १९४८ च्या चित्रपटासाठी वेशभूषेचे ऑस्करही मिळाले होते, म्हणजे गालिच्याचे जगही त्यांना परके नव्हते. त्यांचे खरे काम मात्र वेगळ्या ठिकाणी दिसते. जुन्या धाटणीच्या टुटूत, म्हणजे बॅले नर्तकीच्या आखूड घागऱ्यात, जाळीचे थर ताठ राहावेत म्हणून तारेचे कडे घातलेले असे. ‘सिंफनी इन सी’ या रचनेच्या शेवटी पन्नासहून अधिक नर्तक एकाच वेळी रंगमंचावर असतात, आणि अशा गर्दीत एका नर्तकीचे कडे दुसरीच्या कड्याला टेकले की दोन्ही टुटू बशीसारखे कलंडतात. करिन्स्का यांनी १९५० मध्ये तार काढून टाकली, जाळीचे थर कमी केले, ते आखूड कापले आणि एकमेकांत सैल टाके घालून त्यांना मऊ फुगीरपणा दिला. पावडर लावायच्या फुलासारखा दिसतो म्हणून त्याला ‘पावडर पफ’ म्हणतात. चोळीचे बाजूचे तुकडे करिन्स्का तिरक्या कापडातून कापत, म्हणजे लवचीक धागा नसलेले कापडही श्वासाबरोबर ताणले जाई. ज्यांनी कधी तिरके कापड शिवले आहे त्यांना ते किती हट्टी असते ते माहीत असेल.

या दोघांच्या सहकार्याचे शिखर म्हणजे ‘ज्युएल्स’. १३ एप्रिल १९६७ रोजी याच थिएटरात, तेव्हाच्या न्यूयॉर्क स्टेट थिएटरात, ते प्रथम सादर झाले. कथानक नसलेली ही पूर्ण लांबीची, तीन अंकी रचना बॅलन्शीन यांना व्हॅन क्लीफ अँड आर्पेल्स यांचे दागिने पाहून सुचली. लाल गालिच्याच्या आजच्या चाहत्यांनी ती अवश्य पाहावी, कारण गालिच्यावर जे दोन मिनिटांत उरकले जाते, म्हणजे रत्ने अंगावर घालून चालणे, त्याचा इथे संथपणे, तीन वेगळ्या स्वभावांत विचार केला आहे. फोरे यांच्या संगीतावरचा ‘एमराल्ड्स’ हिरवा, लांब जाळीच्या घोळाचा, हलक्या आवाजात बोलणारा अंक आहे. त्यातले एक युगुलनृत्य जवळजवळ केवळ चालण्याचे आहे: नर्तकी टोकावर पावले टाकत, घड्याळाच्या काट्यासारखी, जोडीदाराबरोबर पुढे सरकते आणि घोळ प्रत्येक पावलानंतर किंचित उशिरा येतो. हा उशीर मुद्दाम ठेवलेला आहे. ‘रूबीज’मध्ये स्ट्राविन्स्की यांचे संगीत, आखूड घागरा आणि त्यावर सुट्या पट्ट्या; कमरेच्या प्रत्येक झटक्याला त्या पट्ट्या उघडतात आणि मिटतात. इथे कापड मात्रेच्या बरोबर येते, किंबहुना क्षणभर आधीच. आणि ‘डायमंड्स’मध्ये, चायकोव्हस्कींच्या तिसऱ्या सिंफनीवर, मुख्य जोडी रंगमंचाच्या दोन विरुद्ध कोपऱ्यांतून एकमेकांकडे चालत येते. थांबते, पुन्हा चालते. सुझन फॅरेल यांच्यासाठी रचलेली ही भूमिका आज कोणी नाचो, त्या चालण्यावरूनच तिची परीक्षा होते. पांढऱ्या टुटूवरची रत्ने काचेची आहेत हे ठाऊक असूनही ती चाल पाहताना मनात शंका येत नाही.

२०१७ मध्ये या रचनेला पन्नास वर्षे झाली तेव्हा लिंकन सेंटरमध्ये पॅरिस ऑपेराचा बॅले, मॉस्कोचे बोल्शॉय आणि न्यूयॉर्क सिटी बॅले यांनी अंक वाटून घेऊन ती सादर केली. पॅरिसने ‘एमराल्ड्स’ घेतला आणि बाकीचे दोन अंक इतर दोघांनी आलटून पालटून केले. प्रत्येकाने आपापले कपडे आणले होते. पॅरिसचे कपडे क्रिस्त्यॉं लाक्रोआ यांचे, २००० सालचे. त्यांचे भरतकाम जवळून पाहण्यासारखे आहे, आणि दुर्बिणीतून मला ते करिन्स्का यांच्यापेक्षाही नाजूक वाटले. पण दुर्बीण खाली ठेवली की करिन्स्का जिंकत होत्या. त्यांच्या हिरव्या रंगात प्रकाश शोषून पुन्हा बाहेर टाकण्याचा एक गुण आहे, जो चौथ्या मजल्यापर्यंत पोहोचतो. रंगमंचाचा कपडा शेवटच्या रांगेसाठी शिवायचा असतो, आणि गालिच्याचा कपडा तीन फुटांवरच्या कॅमेऱ्यासाठी.

फॅशन गालाच्या बातम्यांत डिझायनरचे नाव मोठे येते आणि मागच्या शिवणखात्याचे लहान, किंवा येतच नाही, ही माझी या प्रकाराविषयीची खरी तक्रार आहे. या संस्थेच्या वेशभूषा विभागाचे संचालक मार्क हॅपल यांनी अनेक वर्षे हे काम केले आहे: मोठ्या नावाचे रेखाटन हातात घ्यायचे आणि ते नाचता येईल असे करायचे, म्हणजे कुठे ताण घेणारी जाळी लावायची, कुठे वजन काढायचे, कोणते स्फटिक जोडीदाराच्या तळहाताला ओरबाडतील ते आधीच ओळखायचे. बॅलेच्या पोशाखाच्या पाठीला हुकांच्या दोन-तीन रांगा असतात, कारण एकच पोशाख वर्षानुवर्षे वेगवेगळ्या मापांच्या नर्तकी घालतात. आत शिवलेल्या पट्ट्यांवर एकामागून एक त्यांची नावे असतात. नाजूक कापड धुता येत नाही म्हणून घामाचा वास घालवायला नाटकवाले त्यावर पाणी मिसळलेली व्होडका फवारतात. हे सारे ज्यांना माहीत असते त्यांची छायाचित्रे कोणी काढत नाही.

श्रेयाचा हा वाद एकदा जाहीरपणेही झाला. बॅलेच्या जगावरच्या २०१० च्या ‘ब्लॅक स्वान’मधले टुटू रोडार्टे या फॅशन घराण्याने केले म्हणून कौतुक झाले आणि चित्रपटाच्या वेशभूषाकार एमी वेस्टकॉट यांना आपण काय केले ते मुलाखतींतून सांगावे लागले. चित्रपटाच्या नायिका नॅटली पोर्टमन ऑस्कर घ्यायला आल्या तेव्हा त्यांच्या अंगावरचा जांभळा झगाही रोडार्टेचाच होता. गालिच्याने बॅलेकडून घेतलेले माझे आवडते उदाहरण मात्र त्याआधीचे, २००१ चे: डिझायनर मारियान पेयोस्की यांचा हंसाचा झगा घालून ऑस्करला आलेली गायिका ब्योर्क, गळ्याभोवती हंसाची मान आणि वाटेत सोडलेली अंडी. त्या वेळी जगाने तिची चेष्टा केली. मला वाटते, त्या रात्री ‘स्वान लेक’चा अर्थ कळलेली ती एकटीच होती, कारण तिने हंस होण्यातला हास्यास्पदपणाही पत्करला होता.

रंगमंचाचा कपडा समाजात उतरतो तेव्हा काय होते हे आपल्याला बालगंधर्वांमुळे ठाऊक आहे. त्यांचे शालू, त्यांची केशरचना पाहून घराघरांतल्या बायकांनी आपली नेसण उचलली, आणि त्या थाटापायी नाटक कंपनी कर्जात बुडाली. न्यूयॉर्कच्या गालात हिशेब उलटा आहे, म्हणजे थाटातून पैसा उभा राहतो. त्या पैशाने वर्षभराचे प्रयोग आणि नव्या रचना उभ्या राहतात, म्हणून दाराशी चाललेल्या त्या मिरवणुकीला मी नाके मुरडत नाही.

पाहायला जाणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. गालाच्या रात्रीचे तिकीट काढू नये. भाषणे असतात, कार्यक्रम आखूड असतो आणि प्रेक्षकांचे अर्धे लक्ष प्रोमेनाडवरच्या, म्हणजे थिएटरातल्याच मोठ्या दालनातल्या, मेजवानीकडे असते. तीच नवी रचना त्या हंगामात पुन्हा होते आणि तिकिटे बरीच स्वस्त असतात. फिलिप जॉन्सन यांनी बांधलेल्या या थिएटरात बॅलन्शीन यांच्या रचनांसाठी वरचा चौथा मजला उत्तम आहे, कारण समूहाच्या आकृत्या रांगोळीसारख्या तिथूनच दिसतात. नव्या डिझायनरचे काम पाहायचे असेल तर मात्र खाली बसावे, किंवा दुर्बीण न्यावी.

आई इथे आली होती तेव्हा तिला मी ‘ज्युएल्स’ दाखवले. तिने दुर्बीण हातात घेतली ती मध्यंतरातही परत दिली नाही. बाहेर पडल्यावर नाचाविषयी ती काही बोलली नाही, तिने एवढेच विचारले, “या पांढऱ्या चोळीला माया किती सोडली असेल गं?” मला सांगता आले नाही. दुसऱ्या दिवशी तिने जुन्या वर्तमानपत्रावर माप आखून घेतले, ओक ट्री रोडवरच्या दुकानातून पांढरी जाळी आणवली आणि माझ्या मुलीसाठी सात थरांचा टुटू शिवला, तारेविना, दोन्ही बाजूंना भरपूर माया ठेवून. मुलगी वाढते आहे. तो आतापर्यंत दोनदा उसवून सैल केला आहे, आणि शिवणीच्या आत अजून अर्धा इंच शिल्लक आहे.